सूज : शरीराचा पहारा

जखम झालेला भाग लाल होतो, गरम लागतो, सुजतो व दुखतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदविलेली ही चार लक्षणे तीव्र दाहाची होत. हा दाह म्हणजे रोग नव्हे, तर शरीराने केलेला बचाव होय.

पायात काटा रुतताच तेथील मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त वाढल्याने लाली व उष्णता येते. वाहिन्यांतून द्रव झिरपतो, तीच सूज. काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंना गिळतात. पू हा मुख्यत्वे त्यांच्याच मृत पेशींचा बनतो. मागाहून मॅक्रोफेज पेशी साफसफाई करतात आणि जखम भरू लागते.

परंतु जंतुसंसर्गाशी लढताना हा प्रतिसाद बेताल होऊन शरीराच्याच अवयवांना इजा करू लागला, तर ती सेप्सिसची अवस्था होय. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे मंदावतात. म्हणूनच आमच्या परिचारिका रात्रीही रुग्णाचे श्वास मोजतात, लघवीचे माप नोंदवितात. आप्तांनी याला जाच मानू नये.

तापाच्या रुग्णास धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी फार कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्यास रुग्णालयात आणावे. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. खर्चाच्या चिंतेने तो दवडला जाऊ नये, यासाठीच दात्यांचे साहाय्य आम्हांस अनमोल वाटते.