उंदीर उचलण्याची रीत

प्रयोगाची विश्वसनीयता मोजमापाच्या साधनांवर अवलंबून असते, हे आपण सारेच मान्य करतो. परंतु ज्या प्राण्यावर प्रयोग करावयाचा, त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढणारा हात हादेखील त्या प्रयोगाचाच एक भाग असतो, या गोष्टीकडे पुष्कळ काळ कोणाचे लक्ष गेले नव्हते.

वैद्यकीय संशोधनात उंदराचे स्थान किती मोलाचे आहे, याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मुंबईत परळ येथे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर दीर्घकाळ अभ्यास करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध शोधला. अशा संशोधनात उंदरांच्या पिढ्यामागून पिढ्या जोपासाव्या लागतात. पिंजरा स्वच्छ करताना, वजन घेताना, सुई टोचताना प्रत्येक उंदीर पुन्हा पुन्हा उचलावा लागतो. मग तो उचलावा कसा?

जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झालेली रीत म्हणजे शेपटी बुडाशी धरून उचलणे. तिने काम झटपट होते आणि बोटांना चावा बसण्याची भीतीही कमी असते. परंतु उंदीर हा शिकारी प्राण्यांचे भक्ष्य आहे. वीस-तीस ग्रॅम वजनाच्या या जिवाला वरून येऊन आपल्याला पकडणारी वस्तू शत्रूच वाटली, तर त्यात नवल नाही.

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी या प्रश्नाची पद्धतशीर परीक्षा केली. त्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही उंदरांना शेपटीने उचलण्यात आले, काहींना उघड्या ओंजळीत घेण्यात आले, तर काहींना पिंजऱ्यातच ठेवलेल्या नळीत शिरू देऊन नळीसकट उचलण्यात आले. त्यानंतर पिंजऱ्यात हात किंवा नळी धरून उंदीर आपण होऊन जवळ येतो की नाही, हे पाहण्यात आले. शेपटीने उचललेले उंदीर दूर राहिले. इतर दोन्ही गटांतील उंदीर स्वेच्छेने जवळ आले.

भीती मोजण्यासाठी आणखी एक कसोटी वापरतात. जमिनीपासून उंच अशा, अधिक चिन्हाच्या आकाराच्या मंचाच्या दोन भुजांना भिंती असतात आणि दोन भुजा उघड्या असतात. भेदरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो, निर्धास्त उंदीर उघड्या भुजांवरही फिरतो. या कसोटीतही शेपटीने उचललेले उंदीरच अधिक भयग्रस्त आढळले. वाण बदलला, नर असो वा मादी असो, तरी हा फरक कायम राहिला.

येथे प्रश्न केवळ दयेचा नाही. २०१७ साली केली गोव्हिया आणि हर्स्ट यांनी दाखवून दिले की, शेपटीने उचललेले उंदीर कसोटीसाठी समोर ठेवलेल्या गंधाकडे जाण्यासच फारसे धजत नाहीत. त्यामुळे त्यांना दोन गंधांतील भेद कळतो की नाही, हे नीट ठरविता येत नाही. नळीतून नेलेले उंदीर मात्र तो गंध उत्सुकतेने हुंगतात आणि भेद स्पष्टपणे दाखवितात. म्हणजे ज्याला आपण स्मरणशक्तीचा किंवा औषधाचा परिणाम समजू, तो प्रत्यक्षात भीतीचा परिणाम असू शकतो. असा प्रयोग फसला, तर त्यात खर्ची पडलेले प्राणही व्यर्थ जातात.

नव्या रीतीत वेळ फार जातो, अशी शंका घेतली जाते. परंतु केवळ दोन सेकंदांची हाताळणीही पुरेशी ठरते, आणि नंतर मानगूट धरून सुई टोचली तरी नळीचा लाभ टिकून राहतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले आहे. साहित्य म्हणून लागते ती एक साधी प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याची नळी.

रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्यांऐवजी अन्य साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि उरलेल्यांचे क्लेश कमी करावेत. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम १९९८ साली आले. नळीने उचलल्यामुळे प्रयोगातील सर्व यातना संपत नाहीत. मात्र जी भीती प्रयोगाला मुळीच आवश्यक नव्हती, ती टाळता येते; आणि ती टाळणे पिंजरा उघडणाऱ्या प्रत्येक सेवकाच्या हातात आहे.