वाहनाचा वारसा : शोककाळातील एक कर्तव्य

घरातील कर्ती व्यक्ती कालवश झाली की राहते घर, बँकेतील ठेवी, दागदागिने यांची विचारपूस लवकर होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात मात्र त्या व्यक्तीची हौसेची मोटारसायकल, जीप किंवा सहलीसाठी सजविलेली कॅरव्हॅन ताडपत्रीखाली तशीच उभी राहते. रोजच्या वापरातील वाहन नसल्यामुळे त्याची आठवण होते ती गणेशोत्सवात कोकणात किंवा दिवाळीच्या सुटीत सहलीला निघताना. तोवर कायद्याने दिलेली मुदत बहुधा उलटून गेलेली असते. किल्ली हाती आली म्हणजे मालकी आली, हा समज महागात पडू शकतो.

तीस दिवस आणि तीन महिने

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० मध्ये मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ त्याची रीत सांगतो. वाहन ज्याच्या ताब्यात आले, त्याने मालकाच्या मृत्यूची आणि ते वापरण्याच्या आपल्या इराद्याची माहिती तीस दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावी. अशी माहिती दिली असल्यास वाहन तीन महिने वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा प्रमाणपत्र जोडावे लागते. दाखला जेथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडून मिळतो. मुंबईतील रहिवाशाचा मृत्यू गावी झाला असल्यास तो गावाकडून आणावा लागेल. अंधेरी कार्यालयाची नोंदणी मालिका एमएच-०२, बोरिवलीची एमएच-४७ आहे. मुलुंड व घाटकोपरची वाहने वडाळा येथील कार्यालयाच्या एमएच-०३ मालिकेत येतात.

विम्याची बाजू

मालकाच्या मृत्यूने विमापत्र तत्काळ संपुष्टात येत नाही. सर्वसाधारण अटींनुसार ते तीन महिने, अथवा मूळ मुदत त्याआधी संपत असल्यास तोपर्यंत, अमलात राहते. या अवधीत वारसाने ते आपल्या नावे करून घ्यावयाचे असते. तसे न केल्यास वाहनाच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाण्याचा धोका असतो.

याहून गंभीर बाब वैयक्तिक अपघात विम्याची आहे. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे हे संरक्षण, वाहन चालविणारा स्वतः नोंदणीकृत मालक असेल आणि विमापत्र त्याच्याच नावे असेल, तरच लागू होते. दिवंगत वडिलांच्या नावावरील मोटारसायकल चालविताना मुलावर काळाने घाला घातला, तर त्याच्या पत्नीला व मुलांना या संरक्षणाचा आधार मिळत नाही. एका अर्जाच्या दिरंगाईची ही किंमत आहे.

सर्व वारसांची संमती

मृत्युपत्र नसेल तर वाहनावर एकट्या मुलाचा हक्क नसतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार दिवंगत पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सर्व प्रथम वर्गाचे वारस होत. विवाहित मुलगी व वृद्ध आई यांचा हक्क अनेकदा विस्मरणात जातो. म्हणून ज्याच्या नावे वाहन करावयाचे, त्यास इतर वारसांनी ना-हरकत पत्र द्यावे. वाद असल्यास दिवाणी न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते; महाराष्ट्रात त्यासाठी १८२७ चा मुंबई विनियम ८ आजही उपयोगी पडतो.

वाहनावर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची संमती घ्यावी. व्हॅनमध्ये झोपण्याची वा स्वयंपाकाची सोय करून घेतली असेल, तर तो बदल नोंदणी प्रमाणपत्रात नमूद आहे किंवा नाही, हेही पाहावे. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वाहनांत मोडते. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनाची गोष्ट निराळी.

हयातीतील तरतूद

२०२१ मध्ये नियमांत झालेल्या सुधारणेमुळे मालकास नोंदणीच्या वेळी किंवा नंतरही नामनिर्देशन करता येते. मालकाच्या पश्चात नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे वाहनाची नोंदणी होऊ शकते. मात्र तिलाही तीस दिवसांत कळविणे आणि तीन महिन्यांत अर्ज करणे चुकत नाही.

शोकाच्या दिवसांत कागदपत्रांकडे मन वळत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु कायद्याची मुदत सुतकासाठी थांबत नाही. नामनिर्देशन आजच करावे, वाहनाची कागदपत्रे एकत्र ठेवावीत आणि ती कोठे आहेत हे घरच्यांना सांगून ठेवावे. मागे राहणाऱ्यांची निम्मी धावपळ त्यानेच वाचते.