थंडी उतरताना: ऊन, मिरची आणि खोकला



रमाई जयंतीच्या पताका विहारासमोर अजून फडफडत असतात आणि तेवढ्यात नागपूरची थंडी उतरायला लागते. पहाटे गोधडी डोक्यावरून ओढून घ्यावी लागते, दुपारी एकला पंखा लावावा लागतो. निंबाचा पाला इतका गळतो की अंगण दोनदा झाडावं लागतं. उमरेडच्या रस्त्यानं बसनं गेलं तर पळस पेटलेला दिसतो. वस्तीत पळस नाही, पण हातगाडीवर हरभऱ्याचे घाटे, बोरं आणि मृग बहाराची संत्री दिसायला लागली की समजायचं, हवा फिरली.

या पानावर आपण एरवी आजारांबद्दलच बोलतो. त्यामुळे आम्ही दिसलो की बायका म्हणतात, "आल्या ह्या, आता काहीतरी बंद करायला सांगतील." या महिन्यात बंद करायचं फारसं काही नाही. उलट काही गोष्टी हक्कानं करायच्या आहेत.

पहिली गोष्ट ऊन. आपली घरं कशी आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. दहा बाय बाराची खोली, वर टिन, एक दार, आणि खिडकी असलीच तर ती शेजारच्या भिंतीला तोंड करून. थंडीत ओट्यावर ऊन खायला कोण बसतं? आजोबा बसतात, आजी बसते, कामावर न गेलेला माणूस पेपर घेऊन बसतो. सून आत असते. तिच्या अंगावर ऊन पडतं ते नळावर पाणी भरताना, तेही धावपळीत. मग चाळिशीच्या आत कंबर धरते, पिंढऱ्या दुखतात, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. याला एकच कारण नसतं, पण हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व कमी पडणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे, आणि ते जीवनसत्त्व शरीर मुख्यतः उन्हातूनच तयार करतं.

"कोवळं ऊन घ्या" असं सगळे सांगतात. कोवळं ऊन सुखाचं असतं, पण त्यातून ड जीवनसत्त्व फार कमी मिळतं. साधी खूण लक्षात ठेवा: उन्हात उभं राहिल्यावर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली, की ते ऊन कामाचं. आपल्याकडे या दिवसांत ती वेळ साधारण साडेदहा-अकराला येते. हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बसावं. सावळ्या-काळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून आपण घाई करू नये. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. फेब्रुवारीत हे सहज जमतं. मार्च सरता सरता ऊन चटके देऊ लागतं, मग वेळ कमी करायची.

तूर निवडायची असेल, चिंच फोडायची असेल, लेकराचं डोकं विंचरायचं असेल, तर बाहेर या. अर्थात काम घेऊनच बसलं पाहिजे असा नियम नाही. नुसतं बसलं तरी चालतं. शेजारीण येते, दोन गोष्टी होतात, कोणाच्या पोरीचा बारावीचा पेपर कसा गेला ते कळतं. हा वेळ वाया गेला असं सासूबाईंना वाटत असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

गोधड्या, चादरी, उशा यांनाही उन्हात काढा. तीन महिने त्या बंद खोलीत माणसांचा घाम आणि दमट हवा पीत पडलेल्या असतात. झटकून, दोन्ही बाजूंनी उलटून, दिवसभर ऊन द्या. ओल जाते, कुबट वास जातो, आणि धुळीतले बारीक किडे कोरड्या उष्णतेत मरतात. दम्याच्या माणसाला याचा फरक जाणवतो. झटकायचं काम मात्र दम्याच्या माणसाला देऊ नका. आणि उन्हात तापलेल्या गोधडीवर त्या रात्री झोपण्यासारखं सुख नाही, हे सांगायला नर्स लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत हे दिवस आपल्यासाठी स्वस्त असतात. पालक, मेथी अजून जुडीनं मिळते. चिवळ येऊ लागते. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, तेव्हा ही पालेभाजी सगळ्यांना वाढून उरली तर खायची, असं करू नका. वर लिंबू पिळा किंवा मागून एक संत्रं खा; आंबटामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा घेतला तर उलटं होतं, चहा ते लोह अडवतो. तासभर थांबा, चहा कुठे पळून जात नाही. बोरं धुऊन खा, लेकरांनाही धुऊन द्या. होळीच्या गाठी साखरेचा आजार असलेल्यांनी गळ्यातच ठेवाव्यात.

आता मिरचीकडे येऊ. याच दिवसांत नवी मिरची बाजारात येते. वर्षाचं तिखट करायचं म्हणून घरोघरी मिरची वाळवणं, देठ काढणं, भाजणं, मग कांडप यंत्रावर रांग लावणं सुरू होतं. भिवापूरकडच्या कित्येक बाया तर सातऱ्यावर रोजीनं मिरचीचे देठ काढतात. दिवसभर त्या लाल धुळीत बसायचं, तोंडाला पदर, हातांची आग. सगळी वस्ती शिंकते, खोकते, हसते. तिखटाचा वास हा आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाचा वास आहे आणि आम्हाला तो आवडतो.

पण याच खोकल्यात दुसरा खोकला लपतो.

आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा विचारतो, "ताई, खोकला कधीपासून?" उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही नं बाई, हवा बदलली." किंवा, "काल मिरची भाजली, त्याचा ठसका." एका ताईंनी हेच उत्तर आम्हाला होळीच्या आधी दिलं आणि होळी होऊन गेल्यावरही दिलं. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता, रोज संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. तिखट केव्हाच डब्यात भरून झालं होतं. बेडका तपासला तर टीबी निघाला.

मिरचीचा ठसका धूर गेला की जातो. हवा बदलल्याची सर्दी आठ-दहा दिवसांत उतरणीला लागते. दोन आठवडे झाले तरी जो खोकला हटत नाही, त्याचं कारण हवेत शोधायचं नाही, बेडक्यात शोधायचं. सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. डबी मिळते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या हवेत जायचं, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं आणि जो घट्ट बेडका येतो तो डबीत टाकायचा. नुसती थुंकी दिली तर तपासणी फुकट जाते. पुष्कळ बायका लाजून तोंडातल्या तोंडात खाकरतात आणि डबी देऊन येतात. मोठ्यानं खोका, कोणी नावं ठेवत नाही. ठेवली तर ठेवू द्या.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर मांडला, म्हणून २४ मार्चला टीबी दिन पाळतात. आता औषध आहे, फुकट आहे, साध्या टीबीला साधारण सहा महिने लागतात. रोग्याच्या खाण्यासाठी सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. खात्याचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून द्या आणि पैसे आले नाहीत तर विचारायला जा. गोळ्या नेमानं सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत आजार पसरवण्याची ताकद पुष्कळ कमी होते. तेव्हा बरं वाटू लागतं, आणि इथेच माणसं गोळ्या सोडतात. सोडू नका. अर्धवट सोडलेला टीबी परत येतो तेव्हा साध्या गोळ्यांना दाद देईलच असं नाही. घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या लेकरांची तपासणी करून घ्या. त्यांना आजार होऊ नये म्हणूनही औषध असतं.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलतो. टीबी निघाल्याबरोबर सुनेचं ताट, वाटी, गिलास वेगळा काढलेली घरं आम्ही आपल्याच वस्तीत पाहिली आहेत. टीबी ताटा-वाटीतून पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत आणि हवेतून छातीत जातो. तोंडाला रुमाल, दार उघडं, ऊन आणि वारा आत, आणि रोजच्या गोळ्या, एवढं लागतं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना वरून, दुरून पाणी वाढलं गेलं, त्यांच्या घरात आजारी बाईचं भांडं कोपऱ्यात ठेवलेलं आम्हाला पाहवत नाही. याच भीतीनं बाया खोकला लपवतात, पोरीचं लग्न मोडेल म्हणून पोरीचा खोकला लपवतात. रमाईंचं २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजारानंतर निधन झालं, तेव्हा त्यांचं वय चाळीसही नव्हतं. फेब्रुवारीत आपण त्यांची जयंती करतो, त्यांच्या कष्टांची गाणी म्हणतो. दुखणं अंगावर काढण्यात मोठेपण आहे, असा अर्थ त्या गाण्यांतून काढू नये.

याच दिवसांत लेकरांना कांजण्या येतात. बौद्ध घरांतही आजी हळूच म्हणते, "माता आली." ती विषाणूची साथ आहे, बाकी काही नाही. कोमट पाण्यानं आंघोळ घाला, नखं कापा, पोटभर साधं जेवण द्या, उपाशी ठेवू नका. निंबाचा पाला पाण्यात टाकायचा तर टाका, त्यानं नुकसान नाही. तापाला पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन मुळीच नको. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नका आणि पोटुशी बाईला त्या घरी जाऊ देऊ नका. तान्हं बाळ, मोठा माणूस किंवा गरोदर बाई यांना कांजण्या आल्या तर घरी बसू नका, डॉक्टरांकडे जा.

बांधकामावर जाणाऱ्यांना एक सांगायचं आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्याइतकाच धोका पहिल्या कडक आठवड्यात असतो. त्या दिवसांत जड काम सकाळी उरका, सावलीत थोडं जास्त थांबा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी डब्यासोबत न्या.

मार्चमध्ये कुंभाराकडून नवा माठ येतो. पहिल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवा, साबण लावू नका, मातीची भोकं साबण पितात आणि पाण्याला वास येतो. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, म्हणजे कोणाचा हात पाण्यात बुडणार नाही. माठाच्या पहिल्या पाण्याला जो मातीचा वास येतो, तो चार-सहा दिवसच टिकतो, तेव्हा पिऊन घ्या.

आणि कूलर. माळ्यावरून उतरवला की लगेच पाणी भरू नका. डेंगूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन् महिने कोरडी जिवंत राहतात आणि पाणी मिळालं की उघडतात. आधी टाकी घासणीनं घासून काढा, जुनं गवत बदला, पुढे दर आठवड्याला रिकामी करून घासा. लोखंडी कूलरला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेला असला पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालत नाही. पायात चप्पल घाला, आणि हे काम लेकरांना सांगू नका.