अडीअडचणीला कर्ज की ओव्हरड्राफ्ट?

प्रश्न : मी लष्करात हवालदार आहे. घरची अडचण आली की दर वेळी नवं कर्ज काढावं लागतं. दुसरा मार्ग आहे का? (एक जवान, सातारा जिल्हा)

उत्तर : आहे. पगार डिफेन्स सॅलरी पॅकेजच्या खात्यात येत असेल, तर त्याच बँकेत ओव्हरड्राफ्टची चौकशी करा. व्याज मंजूर मर्यादेवर नव्हे, उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं. दोन लाखांच्या मर्यादेतले ५०,००० रुपये २० दिवस वापरलेत, तर १२ टक्के दराने साधारण ३२९ रुपये. प्रक्रिया शुल्क मात्र खोदून विचारा. आपणहून कोण सांगतंय! त्याआधी एएफपीपी फंडातून, म्हणजे सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीतून, अग्रिम मिळतो का, ते युनिटच्या कार्यालयात पाहा. पैसा तुमचाच, शिवाय बिनव्याजी. निवृत्ती जवळ असेल तर ओव्हरड्राफ्टची मर्यादा मोठी घेऊ नका, पेन्शन पगाराएवढी नसते.