सागरवाटेवरचे मुक्काम

सोलापूर जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसेल. पण मुक्काम म्हणजे काय, हे त्यांना शिकवावयास नको. आषाढी एकादशीपूर्वी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपुरास पोहोचते. मुक्कामी वारकरी स्वस्थ बसतात काय? मुळीच नाही. कोणी कपडे धुतो, कोणी तुटलेली वहाण शिवून घेतो, कोणी पायांच्या फोडांना औषध लावतो. पुढची वाट नीट चालता यावी, यासाठीच ही सारी खटपट असते.

जी गोष्ट वारीची, तीच शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांची.

पालखीच्या याच वाटेवर फलटण हे गाव लागते. त्याच्याजवळील विंचुर्णी येथे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत असत. एखाद्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास त्यांनी घेतला होता. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी तो पुरा केला. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नावाच्या नौकेतून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत त्यांनी चार मुक्काम केले : ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन.

पुढे १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी ‘तारिणी’ नौकेतून गोव्याहून याच प्रवासाला निघाल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या.

अशी नौका परक्या बंदरात शिरली, की प्रथम सरकारी अधिकारी येतात. ते कागदपत्रे पाहतात आणि नौकेवरील खाद्यपदार्थही तपासतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे हा नियम फार कडक आहे. बाहेरच्या फळांतून वा बियांतून एखादी कीड देशात शिरली, तर तेथील शेतीची हानी होईल, ही त्यामागील भीती होय.

मग पाय जमिनीला लागतात. पण काय नवल! जमीनच डोलू लागते. कित्येक आठवडे लाटांवर तोल सांभाळण्याची सवय झालेल्या शरीराला स्थिर भूमी चमत्कारिक वाटते. समुद्रावर रात्रंदिवस पाळीपाळीने पहारा करावा लागतो. म्हणून गोड्या पाण्याचे मनसोक्त स्नान आणि अखंड झोप यांहून मोठे सुख त्या दिवशी दुसरे नसते.

दुसऱ्या दिवसापासून कामाला आरंभ होतो. दोराच्या आधाराने कोणी पंचवीस मीटर उंच डोलकाठीवर चढून प्रत्येक जोड तपासते. उसवलेली शिडे शिवली जातात, झिजलेले दोर बदलले जातात, शिधा मोजून भरला जातो. या धांदलीतही तारिणीच्या खलाशी गावकऱ्यांना भेटत आणि मुलांना सागराच्या गोष्टी सांगत.

२९ नोव्हेंबरला तारिणी लिटलटनला पोहोचली व १२ डिसेंबरला तिने ते बंदर सोडले. पुढे अफाट पॅसिफिक महासागर होता. तेथे ना धक्का, ना सुतार, ना दुकान. बंदरात ढिला राहिलेला एखादा खिळा तेथे प्राणावर बेतला असता. वादळाने नौकेला पर्वतप्राय लाटांवर उचलून आपटले. पण नौका टिकली. १९ जानेवारी २०१८ रोजी तिने केप हॉर्न ओलांडले आणि एकेचाळीस दिवसांच्या प्रवासानंतर, २२ जानेवारीस, ती पोर्ट स्टॅनलीला लागली.

हे गाव लहानसे, सतत वाऱ्याने झोडपलेले. तेथील चर्चजवळ देवमाशाच्या हाडांची कमान उभी आहे. बेटांच्या किनाऱ्यांवर पेंग्विन पक्ष्यांचे थवे दिसतात. इतक्या दिवसांनी माणसांचे चेहरे पाहिल्यावर कोणाला तेथून निघावेसे वाटेल? पण दक्षिणेकडील उन्हाळा सरत आला, की समुद्र अधिकच खवळतो. ४ फेब्रुवारीला शिडे पुन्हा उभारली गेली.

केप टाउननंतर घर जवळ आले, तोच सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. घराच्या ओढीने तसेच पुढे जाणे धोक्याचे होते. म्हणून योजनेत नसतानाही नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबली. बिघाड दुरुस्त झाला आणि २१ मे २०१८ रोजी तारिणी सुखरूप गोव्यास परतली.

या २५४ दिवसांपैकी १९९ दिवस तिने समुद्रावर काढले. उरलेले ५५ दिवस मुक्कामाचे. ते वाया गेले, असे कोण म्हणेल? त्या पंचावन्न दिवसांनीच इतर दिवसांची वाट निर्धोक केली. पुढे जाण्यास धैर्य लागते. योग्य वेळी थांबण्यास शहाणपण लागते.

अभ्यास

१. वारीतील मुक्काम आणि नौकेचा मुक्काम यांत कोणते साम्य आहे?
२. बंदरात उतरताच खलाशांना जमीन डोलते आहे असे का वाटते?
३. लिटलटन येथील मुक्काम विशेष महत्त्वाचा का होता?
४. नकाशात नौकेचे मुक्काम शोधा व तिचा मार्ग रेखाटा.
५. वाक्यांत उपयोग करा : ध्यास घेणे, प्राणावर बेतणे.