दुनळी तुझ्या नावावर होण्याआधी

पोरी, दुनळी तुझ्या नावावर करायचा अर्ज या महिन्यात देऊन टाकू. परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. माझ्या बाबतीत दोन्ही झालंय. कळमेश्वर ठाण्याचा अहवाल जाईल, नागपूरला कलेक्टर ऑफिसात फाईल फिरेल, तोवर तुला काही गोष्टी सांगून ठेवतो. वावर, बाग, विहीर हे सगळं तू माझ्यापेक्षा चांगलं सांभाळतेस. बंदुकीचं मात्र कुणीतरी सांगावंच लागतं.

बंदूक हातात आली की आधी उघडायची. मी दिली तरी उघडायची, आताच तुझ्यासमोर रिकामी केली असली तरी उघडायची. नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय ती रिकामी आहे असं धरायचं नाही. तिच्याबद्दल बोलतानासुद्धा नळीचं तोंड जमिनीकडे किंवा आभाळाकडे. चापावर बोट ठेवून गप्पा मारणारा माणूस आपल्या ओसरीवर आला, तर पाहुणा आहे म्हणून भीड धरू नकोस.

भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीचं वेगळं. ती उघडत नाही, त्यामुळे आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. अशा बंदुका पूर्वी जागलीसाठी भरून ठेवत आणि तशाच खुंटीला राहत. भरणारा गेला, पोरं मोठी झाली, दारू आत तशीच. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या पेट घेण्याजोगी राहते. म्हणून गज नळीत हळूच बुडापर्यंत सोडायचा, तोंडाशी जिथे येईल तिथे खूण करायची, मग बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघायचा. जिथे टोपी बसते त्या कानापर्यंत गजाचं टोक पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत ठासलेलं आहे. मग खरवडायचं नाही, टोकरायचं नाही, उन्हात ठेवायची नाही. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याला सांगायचं. आपली मी तपासली आहे, पण तू स्वतः तपासायला शीक.

आज्या-पणज्याची आहे म्हणून तिला परवाना लागत नाही, असं आपल्याकडे फार लोक समजतात. ते चूक आहे. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मधली सूट जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही झाडता येऊ नये. जी झाडता येते ती बंदूकच, मग ती भोसल्यांच्या काळातली का असेना. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे, आणि आपली त्याच परवान्यावर आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. म्हणजे दुनळी आणि ही मिळून तुझा कोटा भरला. तिसरीचा मोह धरू नकोस.

आता दुनळी. ती बर्मिंगहॅमची. नळ्या सुट्या करून खालचा सपाट भाग भिंगाने बघ. मुकुटाखाली बारीक अक्षरं ठोकलेली दिसतील. ती तिथल्या सरकारमान्य चाचणीची निशाणी. बंदुकीची खरी कुंडली तिथे असते, पाटीवरच्या नक्षीत नसते. नायट्रो दारूची चाचणी झाल्याची खूण नसेल तर ती बंदूक काळ्या दारूच्या काळातली समजायची, आणि आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी, तर तिला फक्त जपायचं. अशा नळ्या किती देखण्या असतात ते मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. पण वरून चकचकीत दिसली तरी आतल्या जोडांत गंज कुठवर गेलाय ते कुणालाच दिसत नाही.

लांबीचा घोळ याहून धोक्याचा. जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिलिमीटरचं असतं. दुकानात आज बहुतेक 70 मिलिमीटरचं काडतूस मिळतं. ते जुन्या घरात आरामात बसतं, बंदूक बंदही होते, म्हणून माणूस फसतो. काडतुसाची लांबी मोजतात ती झाडल्यावर उघडलेल्या तोंडासकट. बार उडाला की ते तोंड पुढे उलगडतं, त्याला जागा पुरत नाही, छर्ऱ्यांची वाट अडते आणि नळीवरचा दाब वाढतो. आपल्या दुनळीचं घर मापून घेतलेलं आहे, चिठ्ठी परवान्याच्या पुस्तिकेत ठेवली आहे. काडतुसं आणायला जाशील तेव्हा चिठ्ठी सोबत ने, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

पावसाळ्यात तिला चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस. चामडं ओल धरतं आणि महिन्याभरात पोलादावर तांबूस डाग येतो. सुती कापडाने पातळ तेलाचा हात फिरवून, हवा खेळेल अशी उभी ठेव, कुलपात. दस्ता अक्रोडाचा आहे, त्याला जवसाचं तेल चालतं. आपल्या भागात जवस घरोघरी, चटणी खाणाऱ्या माणसांना त्याचं कौतुक सांगायला नको. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, लाकूड गरम लागेपर्यंत. पण ज्या चिंधीने ते तेल पुसशील तिचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळव आणि मगच फेक. खंडेनवमीला पूजा जरूर कर; कुंकू दस्त्यावर लाव, नळीवर नको. पूजेत काडतूस ठेवायचं नाही. पूजा झाली की पुसून पुन्हा कुलपात.

जुन्या बंदुका मला का आवडतात, हे तू लहानपणी विचारायचीस. नागपूरच्या अजब बंगल्यात, 1863 मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. तिथे उभी राहिलीस की कळेल, या वस्तूंमागे लोहार, सुतार, नक्षीवाले, दारू कुटणारे अशी किती माणसं होती. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांच्या फौजेत अरब शिपाई तोड्याच्या बंदुका घेऊन लढले. मुख्य फौज मोडली तरी ते नागपूर शहरात डिसेंबरच्या अखेरपर्यंत टिकून राहिले. वस्तूला इतिहास असतो तो असा. त्यापुढचा इतिहास मात्र कडू आहे. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळं ठेवलं. तेव्हापासून ज्याच्या घरी बंदूक तो सरकारच्या मर्जीतला, असं गणित बसलं. बंदुकीचा हा जो रुबाब आपल्या समाजात शिरला तो तिथून, असं माझं मत आहे, आणि तो रुबाब मला मनापासून नको आहे. वरातीत हवेत बार काढणारे त्याच रुबाबाचे वारस. 2019 पासून त्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येते, कुणाच्या तरी मांडवावर.

म्हणून घराबाहेर बंदुकीचा विषय काढायचा नाही. मोबाईलवर तिचा फोटो नाही, भाच्यांच्या हातात देऊन रील नाही. धुऱ्यावरून कुणाशी वाजलं तर त्या दिवशी किल्ली तुझ्याकडेही नको, तुझ्या आईकडे दे. काडतुसं एका कपाटात, बंदूक दुसऱ्यात, किल्ल्या दोन ठिकाणी. आणि हे नीट ऐक: बाग वाळली, कर्ज थकलं, घरात कुणाचं बोलणं कमी झालं, झोप उडाली असं वाटलं, तर विचारत बसू नकोस. त्याच दिवशी बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायला दे. कायद्यात ती सोय आहे. विदर्भात हे सांगताना मला शब्द जड जातात, तरी सांगतो.

डुकरांचं आणि रोह्यांचं म्हणशील, तर मोहपा-धापेवाड्याकडच्या शेतकऱ्यांचा त्रास मला ठाऊक आहे. हरभरा एका रात्रीत उकरून जातो, संत्र्याची नवी कलमं मोडतात. तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनविभागाचं लेखी पत्र हातात असल्याशिवाय बार काढायचा नाही. आधी पंचनामा, भरपाईचा अर्ज आणि कुंपणाला झटका मशीन. तारेत थेट वीज सोडणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, त्यात माणसं मेली आहेत. आणि पत्र असलं तरी बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणजे डुक्कर असं नाही. गाय असेल, कुत्रं असेल, घोंगडी पांघरून जागलीला बसलेला शेजारी असेल. पूर्ण अंग दिसल्याशिवाय चापाकडे बोट नको.

नेमबाजीची हौस असेल तर ती रेंजवर भागव. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसहून कांस्य आणलं. दोघंही कोल्हापूरकडची. श्वास, पवित्रा, शिस्त, हे सगळं तिथे शिकायला मिळतं, आणि बंदुकीवर प्रेम करण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करायचा आदेश आला तर वाद न घालता जमा कर. पावती जपून ठेव, आचारसंहिता संपल्यावर आठवणीने परत आण. परवाना आता पाच वर्षांचा असतो, मुदत कॅलेंडरवर लिहून ठेव. आणि अर्ज अडकलेला असताना माझं काही बरंवाईट झालं, तर दोन्ही बंदुका घरात ठेवू नकोस. कलम 21 प्रमाणे त्या विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायच्या असतात. तेरवीची वाट बघू नकोस. नंबर टिपून घे, पावती घे, आणि परवाना तुझ्या नावावर आल्यावरच त्यांना घरी आण.