धरणावरचा निर्णय काठावरच घ्यावा

गळ टाकून मासे धरण्याचा नाद केज तालुक्याला नवा नाही. नांदूरघाटच्या आसपासचे ओढे, पाझर तलाव आणि पुढे धनेगावचे मांजरा धरण, जिथे पाणी टिकते तिथे गळवाले दिसतातच. नवी आहे ती काठ सोडून आत जाण्याची ओढ. अमेरिकेतल्या खोल जलाशयांवर बास नावाच्या शिकारी माशामागे लोक कयाकमधून हिंडतात. एका माणसापुरती, प्लॅस्टिकची, हलकी, वल्ह्याने चालणारी ही होडी मोबाइलवरच्या चित्रफितींतून आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे बास नाही. पण मरळ आहे, वाम आहे, शिंगाळा आहे, आणि मोठ्या कटल्याची ओढ तर कुणालाही वाटावी. ज्याला कयाक परवडत नाही तो ट्रॅक्टरच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या चप्पूवर बसून तीच हौस भागवू पाहतो. या हौसेला माझा विरोध नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाला पाण्याची ओढ वाटणारच, आणि पाण्यावर घालवलेली सकाळ माणसाला खूप काही देऊन जाते. पण पाण्याच्या संगतीत मला एक गोष्ट पक्की पटली आहे आणि तीच इथे सांगायची आहे. धरणात जीव वाचवणारे सगळे निर्णय काठावरच घ्यावे लागतात. होडी पाण्यात लोटल्यावर त्यांतला एकही निर्णय घ्यायला पुरेसा वेळ मिळत नाही.

याचे पहिले कारण वारा. धरण म्हटले की आपण खोली विचारतो, पण माणूस दहा फुटांत बुडतो तसाच साठ फुटांत बुडतो. घात होतो तो पाण्याच्या उघड्या पसाऱ्यामुळे. मांजरा धरणाची भिंत चार किलोमीटरहून लांब आहे आणि भरलेल्या धरणात सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. एवढ्या मोकळ्या पाण्यावरून वारा जितके अंतर तोडतो तितकी लाट वाढत जाते. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा चार किलोमीटर पाण्यावरून आला तर फूट-दीड फूट उंचीच्या लाटा उठतात. काठावरून त्या किरकोळ वाटतात. पाण्याच्या पातळीला बसलेल्या माणसाला त्या मांडीवर येतात. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि कयाकवाला शांत पाण्यातही ताशी चार-पाच किलोमीटरपेक्षा फार पुढे जात नाही. समोरून जोराचा वारा आला की तो वल्हे मारत राहतो आणि होडी जागची हलत नाही. ट्यूब आणि चप्पू तर वारा नेईल तिकडे जातात. उन्हाळ्यात हा वारा सांगून येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा ढग चढतो आणि पावसाचा पहिला थेंब पडण्याआधी त्याच्या पोटातला गार वारा खाली कोसळून चहूकडे पसरतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागले, सहा जण बुडाले. ती होडी कयाकपेक्षा कितीतरी मोठी होती आणि तो रस्ता तिथल्या लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा होता.

दुसरे कारण अंतराचे. माणूस पाण्याखाली गेला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. ११२ वर फोन लागला आणि पलीकडच्या माणसाने तत्परतेने हालचाल केली, तरी पोलिसांची किंवा अग्निशमन दलाची गाडी एवढ्या वेळात धरणाच्या काठाला लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. राज्य दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. ही पथके येतात तेव्हा बहुधा शोधकार्यच उरलेले असते, आणि तेही त्यांच्या जिवावर बेतते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, माजलगाव धरणात बुडालेल्या एका डॉक्टरांचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या पथकातला एक जवान मृत्युमुखी पडला. उजनीच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात प्रवरेच्या पाण्यात शोध घेणारी राज्य दलाची बोट उलटून तीन जवान गेले. शिकलेली, सराव असलेली, साधने घेऊन आलेली ही माणसे होती. म्हणून ‘माझा जीव, माझी जोखीम’ हे म्हणणे मला मान्य नाही. आपण पाण्यात घेतलेली जोखीम दुसऱ्या दिवशी कुणा दुसऱ्याच्या घरावर कोसळू शकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मला पोहता येते. उजनीत वाचलेला माणूस पोहूनच वाचला, हेही खरे. पोहणे यायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या भागातली बहुतेक माणसे पोहायला शिकतात ती विहिरीत. विहिरीत चार हात मारले की भिंत हाताला लागते, वारा नसतो, लाट नसते, आणि वर कठड्यावर कुणीतरी उभे असते. धरणाच्या मध्यावर यांतले काहीच नसते. तिथे उलटलेला माणूस अंगातल्या पँट-शर्टसह, पायांत बूट, हातापायांभोवती गळाची दोरी, नाकातोंडात अचानक गेलेले पाणी आणि तोंडावर आदळणारी लाट अशा अवस्थेत पोहायला लागतो. काठ डोळ्यांना जवळ दिसतो, कारण पाण्यावर अंतराचा अंदाज घ्यायला मध्ये झाड नसते, बांध नसतो. सुटलेली होडी मात्र वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते. दमलेला पोहणारा आणि न पोहणारा यांच्यात फरक उरतो तो काही मिनिटांचा. पोहण्याने आपण वेळ मिळवतो. तो वेळ पुरेल अशी तरतूद मात्र आधीच करावी लागते.

ती तरतूद म्हणजे अंगात घातलेले आणि पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट. होडीत ठेवलेले किंवा बसायला उशी म्हणून घेतलेले जॅकेट मी मोजतच नाही, कारण खवळलेल्या पाण्यात ते सापडवून अंगात चढवणे जवळपास अशक्य असते. अमेरिकेचे तटरक्षक दल हौशी नौकानयनातल्या मृत्यूंची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करते. बुडून मेलेल्या ज्या माणसांच्या जॅकेटची माहिती मिळते, त्यांतल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात ते नसते. कुणी म्हणेल, तिथे जॅकेट न घालणारेच जास्त असतील, मग मरणारेही तेच जास्त असणार. शंका रास्त आहे. पण जॅकेटचे काम आकड्यांवाचूनही समजते. पन्नास न्यूटन तरणशक्तीचे जॅकेट पाण्यात सुमारे पाच किलोचा भार उचलून धरते, साधारण माणसाच्या डोक्याएवढा. शंभर न्यूटनचे त्याच्या दुप्पट, आणि चांगल्या बनावटीचे असेल तर ते तोंड वर ठेवायलाही मदत करते. उघड्या धरणावर शंभरचेच घ्यावे, निदान ज्याला पोहणे बेताचे येते त्याने तरी. जॅकेट घालणे भित्रेपणाचे वाटत असेल तर आठवावे की आपल्या थोरांनी आपल्याला विहिरीत सोडले ते पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधूनच. जॅकेट हा त्याच भोपळ्याचा नवा अवतार आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो: भोई समाजाची माणसे रोज पहाटे चप्पूवर जाळी टाकायला जातात, कुठे घालतात जॅकेट? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिव धानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात होतीच की. याचे उत्तर नीट द्यायला हवे. मच्छीमाराला ते पाणी वर्षानुवर्षे ठाऊक असते. वारा कोणत्या दिशेने उठतो, कोणत्या कोपऱ्यात आडोसा मिळतो, कुठे बुडालेली बाभळ आहे, हे तो जाणतो आणि वारा सुटण्याच्या आधी परततो. त्याचे ज्ञान नसताना केवळ त्याची सवय उचलणे धोक्याचे आहे. शिवाय तो पोटासाठी जातो, आपण हौसेसाठी. त्याला टाळता न येणारा धोका आपण हौसेने का पत्करावा? भिव धानोऱ्याच्या मुलांचा प्रवास तर कुणालाच सुरक्षित वाटला नव्हता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कुणी नाइलाजाने एखादी गोष्ट करतो, म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. मच्छीमारांकडून घ्यायचे असेल तर त्यांचे ज्ञान घ्यावे. काठावर त्यांना भेटून विचारावे, आणि ते ‘आज नको’ म्हणाले तर घरी परतावे.

त्यांना विचारायचे आणखी एक कारण पाण्याखाली आहे. आपली धरणे शेतांवर आणि गावांवर उभी आहेत. बुडीत क्षेत्रात विहिरी, बांध, झाडांचे खुंट, पडक्या भिंती तशाच राहतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा ज्यांनी धरणाचा तळ पाहिला त्यांना हे सांगायला नको. भर पावसाळ्यानंतर पंधरा फूट खाली असलेला खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याच्या कातडीखाली येतो आणि होडी त्यावर चढून कलंडते. ज्या तलावांतून गाळ काढला आहे तिथे गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो, आणि जुन्या विहिरीचे तोंडही असेच फसवते. काठाचा काळा चिखल पाय धरून ठेवतो. त्यात संध्याकाळी लावलेली जाळी पाण्यात आडवी असतात. पडलेल्या माणसाचे पाय त्यात गुंतले तर पोहणेही कामाला येत नाही. जाळ्यांच्या तरंगांपासून लांब राहण्यात आपला जीवही सुरक्षित राहतो आणि मच्छीमाराचे नुकसानही टळते. बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, मत्स्यबीज त्यांनी सोडलेले असते. म्हणून परवानगी घेणे हा शिष्टाचारही आहे आणि नियमही.

‘पण मोठा मासा खोलातच असतो,’ हा तिसरा आक्षेप, आणि तो अर्धाच खरा आहे. मरळ हवेतला श्वास घेणारा मासा आहे. त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते आणि त्याचे ठिकाण गवताळ, उथळ कडेला असते. चिलापी घरटी करते तीही उथळ तळावर. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे वरचे पाणी तापते, खालचे गार आणि जड राहते, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाजवळचा प्राणवायू कमी होत जातो; अशा वेळी खोल तळाशी मासाही थांबत नाही. शिंगाळा आणि वाम तळाचे खरे, पण जुन्या नदीपात्राचा उतार जिथे काठाजवळ येतो तिथे तेही काठावरून गळाला लागतात. म्हणजे काठापासून पन्नास-साठ फुटांच्या पट्ट्यात राहिल्याने मासेमारीचे फारसे बिघडत नाही. उलट पहिल्या पुरात चढणीचे मासे निघतात तेव्हाच पाणी गढूळ, वेगवान आणि ओंडके वाहून आणणारे असते. त्या दिवसांत अंडी घालायला निघालेल्या माशालाही सोडावे आणि आपणही काठावर थांबावे.

आता काठावर काय ठरवायचे ते सांगतो. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री पाहावा आणि उन्हाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवावे. ते आसपासच्या विजेची सूचना देते. गडगडाट ऐकू आला की पाणी सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात उतरू नये. गळाची ग्रॅफाइटची काठी वीज वाहून नेते, हेही ध्यानात असावे. उजाडताना उतरावे आणि ऊन तापण्याआधी बाहेर यावे. जाताना वारा तोंडावर घ्यावा, म्हणजे दमल्यावर तोच परतीला मदत करतो. कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार हे घरच्यांना सांगावे, एकट्याने जाऊ नये, फोन पाणीबंद पिशवीत घालून अंगाशी बांधावा, होडीत नाही. शिट्टी आणि दोरी कापायला छोटा चाकू जॅकेटलाच असावा. नांगर कयाकच्या कडेला मध्यावर कधीच बांधू नये, टोकाला बांधावा आणि एका झटक्यात सुटेल असा. मोठा मासा लागला तर त्याला होडीच्या पुढच्या टोकाकडे खेळवावा. बाजूला वाकून ओढणारा माणूस स्वतःच होडी उलटवतो. धरणाच्या दरवाजांच्या आणि सांडव्याच्या जवळ जाऊ नये. आणि पहिल्यांदा मासेमारीला निघण्याआधी, छातीएवढ्या पाण्यात, सोबती उभा असताना, होडी मुद्दाम उलटवून परत वर चढण्याचा सराव करावा. ज्याला ते जमत नाही त्याने अजून आत जाऊ नये. दुसरा कुणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी न टाकता दोरी, ट्यूब, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेकावे.

हे सगळे करायला फार पैसा लागत नाही. लागते ती आधी ठरवण्याची सवय. ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार संस्थांनी उतरण्याच्या जागी एक लांब दोरी आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगून ठेवली, तर मदत दोनशे किलोमीटरवरून येण्याची वाट पाहावी लागणार नाही. बाकीचे ज्याचे त्याने करायचे आहे. वारा कितपत चालेल, किती आत जायचे, किती वाजता फिरायचे, हे जमिनीवर डोके शांत असताना ठरवावे, आणि समोर कितीही मोठा मासा उसळला तरी ठरवलेले पाण्यात बदलू नये.